हिरो दार तोडून येईपर्यंत धाकटीनं काय करायचं?

पत्र थोडक्यात: मुलगी २९ वर्षांची, मूळची मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, सहा वर्षांपासून पुण्यात नोकरी करते. रात्री मोबाइलवर रोमँटिक सस्पेन्स कादंबरी लिहिते आणि टोपणनावानं भाग भाग करून ऑनलाइन टाकते. नायिका मारकुट्या बापाच्या घरातून पळून आलेली, बाप तिला शोधतोय, एक पोलीस ऑफिसर तिच्या प्रेमात पडून तिला वाचवतोय, असं कथानक. ३८ भाग झालेत, वाचक भरपूर आहेत. कादंबरीतला बाप म्हणजे तिचेच वडील, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. आता शेवटाशी गाडी अडलीय. निम्मे वाचक म्हणतात बापाला माफ कर, निम्मे म्हणतात हिरोच्या हातून मार. त्यात मामेबहिणीनं ओळखलं, गोष्ट आईपर्यंत गेली आणि आईचा फोन आला, "घरातलं घरात राहू दे, धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." एक प्रकाशक पुस्तक काढू म्हणतोय. ती विचारते, शेवट काय करू, आणि पुस्तक काढू की सगळं डिलीट करून टाकू? (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

अगं,

तू मला ताई म्हटलंयस म्हणून मी सरळ अगं-तूगंवर येते, चालेल ना. तू पाठवलेले पहिले सहा भाग मी एका बैठकीत वाचले आणि मग पहिला भाग पुन्हा वाचला. तो वाचताना माझा चहा गार झाला.

त्यातला तो परिच्छेद इथे देते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय. "गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की आई आधी टीव्ही बंद करायची, मग गॅस बारीक करायची, मग दाराची कडी काढून ठेवायची, कारण दार उघडायला वेळ लागला तर तेवढंच निमित्त पुरायचं. मी धाकटीच्या हातातली रंगपेटी काढून घ्यायचे. गाडी एका झटक्यात स्टँडला लागली तर ठीक. दोनदा-तीनदा प्रयत्न करून लागली तर पिऊन आलेत."

मी समुपदेशक म्हणून बावीस वर्षं बायकांचं ऐकत आलेय, आणि अशा घरातली प्रत्येक मुलगी हे आवाजांचं शास्त्र शिकलेली असते. कुणी चपलांवरून ओळखते, कुणी खोकल्यावरून, कुणी किल्ल्यांच्या जुडग्यावरून. सस्पेन्स सस्पेन्स म्हणतात तो हाच, आणि तो तू कुठून उसना आणलेला नाहीस. पुढे चौथ्या भागात काळ्या काचांची गाडी येते, किडनॅप होतं, गोडाऊन येतं, ते सगळं वाचायला मजा येते पण माझ्या पोटात काही खड्डा पडला नाही. त्या स्टँडच्या आवाजानं पडला.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते, पण जरा उलट्या क्रमानं येते. तुझं पत्र चार पानांचं. त्यात हिरो आहे, प्रकाशक आहे, मामेबहीण आहे, वाचकांच्या कमेंट्स आहेत. आणि तिसऱ्या पानावर मध्येच एक ओळ आहे, "धाकटी अजून घरीच आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तिला आता फार मारत नाहीत."

या "फार"पाशी मी थांबले. तू पुढे लगेच हिरोच्या डायलॉगवर गेलीस. मी तुला दोष देत नाहीये गं, त्या घरात वाढलेल्या माणसाच्या मोजपट्ट्याच वेगळ्या होऊन बसतात, आठवड्यातून एकदा म्हणजे कमी, हातानं म्हणजे पट्ट्यापेक्षा बरं. पण मी बाहेरून वाचतेय म्हणून मला ते सलग वाचता येतं. १९ वर्षांची मुलगी त्या घरात आजही गाडीचा आवाज ऐकतेय, आणि तिची मोठी बहीण ज्या कादंबरीतून तोच आवाज लोकांना ऐकवतेय ती आता आईच्या मोबाइलवर पोचलीय. उद्या ती वडिलांपर्यंत गेली तर त्याची झळ तुला पुण्यात लागणार नाही, तिला लागेल, आईला लागेल. म्हणून तू विचारलंस शेवट काय करू आणि पुस्तक काढू का, पण त्या दोन्हींच्या आधी एक प्रश्न आहे, धाकटीशी तू शेवटचं नीट कधी बोललीस?

नीट म्हणजे "बरी आहेस ना" असं नाही. त्याला "हो" एवढंच उत्तर येतं, तूही तिच्या वयाची असताना तेच देत होतीस. छोटं आणि नेमकं विचार. रात्री झोप लागते का, आतून कडी लावून झोपतेस का, जेवण सगळे एकत्र करता की ताट खोलीत नेतेस, मागच्या महिन्यात कॉलेजला किती दिवस गेली नाहीस. यातल्या एका तरी प्रश्नावर ती गप्प होईल आणि तिथून खरं बोलणं सुरू होईल. वडील घरात नसतील ती वेळ तुला पाठ आहे, त्या वेळेला फोन कर, मेसेज करू नकोस, कारण तिचा फोन कोण उघडतं हे आपल्याला माहीत नाही. आणि कादंबरीचं तिला तूच सांग. आईकडून कळलं तर तिला वाटेल आपलं घर ताईनं जगाला दाखवलं आणि आपल्याला विचारलंही नाही. तुझ्या कादंबरीतल्या लहान बहिणीच्या दंडावर इस्त्रीचा डाग आहे. तो खराच असेल तर तो डाग तिचा आहे, तो लिहायचा की नाही हे तिला विचारायला हवं होतं, आणि अजूनही विचारता येईल.

तिची बाहेर पडायची तयारी असेल तर काय करता येतं ते सांगते. हे मी फक्त तुझ्यासाठी लिहीत नाहीये, मला दर महिन्याला अशी तीन-चार पत्रं येतात ज्यात मुलगी म्हणते, "नवरा नाही ना, बाप आहे, मग कुठला कायदा लागणार?" लागतो. ४९८-अ म्हणून सगळ्यांना जे माहीत होतं आणि जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आलंय ते नवरा आणि त्याच्या नातेवाइकांपुरतं आहे, ते आईला वापरता येईल, धाकटीला नाही. पण घरगुती हिंसाचाराचा जो २००५ चा कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला, तो फक्त सुनांसाठी आहे ही चुकीची समजूत आहे. एका घरात राहणारी मुलगी, बहीण, आई, सगळ्यांना तो लागू आहे. मारहाणच पाहिजे असंही नाही, सतत अपमान, पैसे आणि कागदपत्रं अडवून ठेवणं, शिक्षण बंद करायची धमकी, हेही त्यात बसतं.

प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, तो घडलेल्या घटनेचा अहवाल तयार करतो आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतो. त्रास देऊ नये, संपर्क करू नये, घरातून काढू नये, असे आदेश कोर्ट देऊ शकतं, तातडीचं असेल तर समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधी तात्पुरता आदेशही देऊ शकतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ जातो, ते धरून चल.

आणि तुझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज गावातल्याच कोर्टात करावा लागतो असं नाही, ती तात्पुरती जिथे राहत असेल तिथेही करता येतो, म्हणजे ती तुझ्याकडे पुण्याला आली तर पुण्यात. गावात वडिलांची ओळखपाळख आहे, ठाण्यात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, असं तू लिहिलंयस, त्याच्यावर उत्तर हेच आहे. शिवाय संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, बहिणीनं दिली तरी चालते, आणि चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर काही येत नाही. फक्त ती सज्ञान आहे, तिला न विचारता हे करू नकोस. १८ च्या आतली असती तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर असं मी आत्ता सांगितलं असतं.

१८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइन, जीवावर बेतलं तर ११२, आणि वकील परवडत नाही म्हणून थांबायचं कारण नाही, कारण बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला फुकट वकील मिळतो, त्याचा नंबर १५१००. 'सखी' नावाची वन स्टॉप सेंटर्स आहेत, तिथे पोलीस, वकील, समुपदेशक एकाच जागी भेटतात आणि साधारण पाच दिवस राहायची सोयही होते. आणि पोलिसांच्या आवारातच समाजकार्यकर्त्या बसतात असे महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केले, आता राज्यभर आहेत. पोलीस स्टेशन म्हटलं की पाय मागे येतात ते मला माहितीये, पण तिथे आधी खाकीशी बोलावं लागत नाही, साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घातलेली एखादी ताई पाणी देऊन तुमचं ऐकून घेते. मी असंच काम केलंय म्हणून हे सांगताना माझा आवाज जरा चढतो.

कागदपत्रांचं बघ. दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, जातीचा दाखला, कॉलेजची फी पावती, पासबुक, या सगळ्याचे फोटो तुझ्या फोनमध्ये असले पाहिजेत, आणि मूळ कागद जमेल तसे एकेक करून बाहेर आले पाहिजेत. तिच्या एकटीच्या नावाचं खातं हवं, ज्याचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जात नाही. दोघींचा एक शब्द ठरवा, साधा, म्हणजे ती फोनवर "ताई माझी निळी ओढणी तुझ्याकडे राहिलीय का" म्हणाली की तू समजायचं आज रात्री निघायचंय. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन कसा लागला ते खरं सांगायचं, पाय घसरला म्हणायचं नाही, कारण केसपेपरवर जे लिहिलं जातं ते पुढे कामाला येतं. आणि निघणार असल्याचं घरात रागाच्या भरात सांगायचं नाही. निघायचा तो दिवस सगळ्यात धोक्याचा असतो, हातातून सुटतंय असं कळलं की माणूस हात जास्त घट्ट करतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि दोन वेळा आमची धावपळ कमी पडलीय.

आता आई. तू लिहिलंयस, "आईनं कधीच आमची बाजू घेतली नाही, ती त्यांच्याच बाजूची." तुझा राग खरा आहे आणि तो तुझ्याकडे राहू दे, मी तो काढून घ्यायला आले नाही. फक्त तूच लिहिलेला पहिला भाग परत वाच. टीव्ही बंद कोण करत होतं? कडी आधीच काढून कोण ठेवत होतं? ती बाई रोज संध्याकाळी तिच्या हातात होतं तेवढं करत होती. ते पुरेसं नव्हतं, खरंय. मारापुढे ती आडवी आली नाही, तेही खरंय. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत आणि मोठं झाल्यावर आपल्याला ती शेजारी शेजारी ठेवावी लागतात, त्रास होतो पण ठेवावी लागतात. "धाकटीचं लग्न व्हायचंय" या तिच्या वाक्यात मला बदनामीची भीती ऐकू येते, पण त्याखाली अजून एक ऐकू येतं, लग्न झालं की ती तरी सुटेल. तिला सुटायचा तेवढाच एक रस्ता माहितीये. दुसरा तुला दाखवता येईल का बघ, म्हणजे भांडून नाही, धाकटी पुण्याला शिकायला येतेय, होस्टेलला राहील, खर्च मी करते, एवढंच.

हिरोबद्दल आता बोलू, कारण तिथे मला जरा काळजी वाटली. मी प्रेमकथा नावाजणारी बाई आहे. वाचनालयातून आणून उशीखाली ठेवून वाचल्यात. ज्या मुलीनं असं बालपण काढलंय तिनं कथेत शेवट गोडच पाहिजे असा हट्ट धरला तर तो हट्ट मला पूर्ण मान्य आहे, तो तिचा हक्कच आहे. पण तुझा ऑफिसर बघ. दुसऱ्या भागात तो तिला न सांगता तिच्या फोनचं लोकेशन बघतो. तिसऱ्यात तिच्या ऑफिसच्या सहकाऱ्याला दम देतो. पाचव्यात ती एकटी बाहेर जाते म्हणून तिचं मनगट धरतो, इतकं की वळ उठतो, आणि म्हणतो, "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, कळत कसं नाही तुला." आता पहिल्या भागात जा. पट्टा खाली ठेवून बाप काय म्हणतो? "तुमच्या भल्यासाठीच करतो, कळत कसं नाही तुम्हाला."

मला नाही वाटत तू हे मुद्दाम केलंस. मला वाटतं हात आपोआप तिकडे गेला. ज्या घरात लक्ष असणं म्हणजे पाळत असणं, तिथे वाढलेल्या मुलीला पाळत ठेवणारा माणूस लक्ष देणारा वाटतो. तू शेवटी ताजा कलम टाकून लिहिलंयस की ऑफिसमधला एकजण आवडतो पण तो "फारच साधा" आहे, फोन नाही उचलला तर नंतर करतो, कुठे होतीस विचारत नाही, त्यामुळे "काहीच वाटत नाही". अगं, तुझ्या शरीराला वीस वर्षं गाडीच्या आवाजाची सवय आहे. जिथे आवाज नाही तिथे त्याला काही घडतच नाहीये असं वाटणार. मी असं म्हणत नाही की याच्याशीच लग्न कर, तो खरंच कंटाळवाणाही असेल. पण "काहीच वाटत नाही" म्हणजे नक्की काय, हे घाईनं ठरवू नकोस. सहा महिने चहा पी त्याच्याबरोबर.

तुझे वाचक त्या हिरोवर फिदा आहेत, कळलं. त्यातली एखादी रात्री चादरीखाली ब्राइटनेस कमी करून वाचत असेल आणि बाहेरच्या खोलीत तिच्या घरातला माणूस झोपलेला असेल. ती तुझ्या कादंबरीतून काय उचलणार, की गप्प बसून राहा, कुणीतरी दार तोडून येईल. कुणी येत नाही गं. आणि आला तर तोही वळ उठवणारा. हिरो ठेव तू, मला तो हवाय, पण त्याला दारापासून जरा लांब उभा कर. तो एसटी स्टँडवर तिकीट काढून थांबलेला असू दे, पहाटेच्या गाडीचं, आणि कडी तिनंच काढू दे, तीच कडी जी आई काढून ठेवायची. तुला वाटेल यात सस्पेन्स कुठे राहिला. तांदळाच्या डब्याखाली दडवलेली पिशवी, वहीत घालून एकेक बाहेर नेलेली मार्कशीट, आणि एका रात्री बाप अचानक म्हणतो "आज तांदूळ मी काढतो". लिहून बघ आणि मला सांग हात थरथरतो का.

माफ करायचं की मारायचं, या वाचकांच्या भांडणात तू पडूच नकोस. दोन्हीमध्ये शेवटचं पान बापाच्या ताब्यात जातं. तिनं माफ केलं नाही आणि त्याचं काही वाकडंही केलं नाही, ती दुसऱ्या गावात भाजी निवडत बसलीय आणि खाली कुणाची तरी गाडी स्टँडला लागली तरी तिनं मान वर केली नाही, असाही शेवट असतो. "शेवटी बाप आहे" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाही. माफी आतून आली तर येईल, वाचकांच्या मागणीवरून देता येत नाही.

आता पुस्तक. नावं बदलली की झालं, असं तू धरून चाललीयस. तसं नाही. अब्रूनुकसानीचा कायदा, आता न्याय संहितेत कलम ३५६, तो नाव घेतलंय का एवढंच बघत नाही, लोकांना माणूस ओळखू आला का हे बघतो. खरं असणं आणि लोकहितासाठी असणं हा बचाव आहे, पण तो कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागतो. मामेबहिणीनं तीन भागांत ओळखलं म्हणजे गल्ली सहज ओळखेल. त्यामुळे वडिलांचा धंदा बदल, गाव बदल, भावंडांची संख्या बदल, आणि ज्या घटना अख्ख्या गल्लीनं पाहिल्यात त्या काढून तितक्याच जड अशा दुसऱ्या रच. गाडीचा आवाज राहू दे, तो हजार घरांत आहे. सही करायच्या आधी एका वकिलाला हस्तलिखित दाखव, आणि पुढे केस झाली तर खर्च कुणाचा हे प्रकाशकाच्या करारात काय लिहिलंय ते वाच, बऱ्याचदा तो लेखकावर टाकलेला असतो. टोपणनावाचं अकाउंट तुझ्या नेहमीच्या मोबाइल नंबरशी जोडलेलं असेल तर आजच बदल, मामेबहिणीला तू सापडलीस ती बहुतेक तशीच.

डिलीट मात्र करू नकोस. काढून ठेव. ३८ भाग ऑनलाइन दिसायचे बंद कर, तुझ्याकडे कॉपी ठेव, तीही दोन ठिकाणी, आणि वाचकांना एक ओळ टाक की कादंबरी थोडी थांबतेय. ते थांबतील. थांबले नाहीत तर दुसरे येतील. आधी धाकटी, मग पुस्तक, एवढाच क्रम मी तुला सुचवतेय.

कुणाला वाटेल मी तिला गप्प बसवतेय, आईसारखंच. नाही. फलटणच्या दलित लेखिका बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या, कित्येक वर्षं, नवऱ्यापासून लपवून, आणि १९८६ ला त्यांचं आत्मकथन पुस्तक म्हणून आलं. त्यात त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांना बसणारा मार लिहिला, स्वतःचा नाही, तो पुढे एका मुलाखतीत सांगितला. कधी, किती आणि कुणाला सांगायचं हे त्या बाईनं स्वतः ठरवलं. थांबणं आणि गप्प बसणं यात हा फरक आहे, आणि तो तुलाही करता येतो.

शेवटची गोष्ट तुझ्या झोपेची. प्रत्येक भाग टाकल्यावर दोन-दोन रात्री जागी असतेस, जेवण जात नाही, असं तू एका ओळीत उरकलंयस, धाकटीसारखंच. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं, पण जे घडलं ते आणि त्याबद्दल काय वाटलं ते, असं दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की ते लिखाण नाव न घालता दिलेलं होतं, त्यावर कुणी कमेंट करत नव्हतं आणि "नेक्स्ट पार्ट कधी?" विचारत नव्हतं. चार दिवस होते, ३८ आठवडे नव्हते. तू जखम उघडतेस आणि लगेच त्यावर लाइक्स मोजतेस, झोप कशी लागणार. दोन वह्या कर. एक तुझी, कागदाची, त्यात जसं झालं तसं, व्याकरण न बघता, पंधरा-वीस मिनिटं, दिवसा, आणि मग उठून काहीतरी खायचं. दुसरी कादंबरीची. पहिलीतलं दुसरीत लगेच न्यायचं नाही. आणि त्या रात्री अंगावर येत असतील तर एखाद्या समुपदेशकाकडे जा, तोवर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

पुढे कधी कादंबरी पुन्हा सुरू केलीस तर मारहाणीच्या भागाच्या आधी दोन ओळींची सूचना टाक आणि खाली १८१ नंबर टाक. चादरीखाली वाचणाऱ्या त्या मुलीसाठी.

येत्या रविवारी दुपारी वडील बाहेर असतात असं तू लिहिलंयस. त्या वेळेला धाकटीला फोन कर. ती काय म्हणाली ते मला कळव, दोन ओळी असल्या तरी चालतील, आणि ती काहीच बोलली नाही तर तेही कळव.

तुझी,
ताई